खुंट्यापर्यंत

मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस
आणि माझ्या इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीकडं
सगळ्यात सुखात राहतात ते जंतू.
लाइन गेली की मी लसीच्या खोलीतून बर्फ मागून आणते,
त्यांना ऊन लागू नये म्हणून.
हसू नका. ते उन्हानंच मेले
तर कळणार कसं, औषधानं मेले असते की नाही?

काम तसं सोपं.
काचेच्या बशीत रान पेरायचं,
त्यावर औषधाच्या सहा टिकल्या ठेवायच्या,
रात्र जाऊ द्यायची.
सकाळी बशी खिडकीशी धरायची.

आमच्याकडं धुऱ्यावर गाय खुंट्याला बांधतात.
दोर पुरेल तेवढं ती चरते,
भोवती साफ गोल उरतो.
औषधाचंही तसंच.
टिकली म्हणजे खुंटा.
मी फक्त दोर मोजते,
मिलिमीटरमध्ये,
पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं.

एकवीस. अठरा. चौदा.
अलीकडं बहुतेक वेळा
गवत थेट खुंट्यापर्यंत आलेलं असतं.
गाय उभी. चरणं विसरलेली.

तेव्हा तक्त्यात 'आर' लिहायचं.
आमच्याकडं आर म्हणजे तुतारीच्या टोकाचा खिळा,
बैल अडला की टोचायचा.
दर महिन्याच्या पाच तारखेला
मी नागपूरला आरच आर पाठवते.
उत्तर आलंच तर एवढं:
रकाना नऊ रिकामा आहे, भरून पाठवा.

गवत कुठून आलं, तर कुणाचं नाव घेऊ?
चौकातला मेडिकलवाला पावरच्या दोन गोळ्या सुट्या देतो.
माणूस दुसऱ्या दिवशी बरा होतो,
कारण तिसऱ्या दिवशी रोवणीला जायचं असतं.
मीही घेतल्या आहेत तशा.

त्या हप्त्यात तीन नमुने आले,
नवजातांच्या कक्षातून.
चिठ्ठीवर त्यांना नाव नसतं.
बेबी ऑफ फुलवंता कुमरे.
बेबी ऑफ प्रणाली नन्नावरे.
बेबी ऑफ छकुली गेडाम.
तीन गावांची तीन लेकरं
आणि गवत एकच,
सहाही खुंट्यांना भिडलेलं.

मग मी कापसाच्या काड्या घेऊन फिरले.
पाळण्याचा दांडा. दाराची कडी.
डॉक्टर बोरकुटेंचा स्टेथोस्कोप, ते रागावले.
ललिता सिस्टरचं पेन, त्या रागावल्या नाहीत.
आणि ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी,
ज्यातले बुडबुडे बघत आया बसून असतात,
बुडबुडे आहेत तोवर लेकरू आहे म्हणून.

पाण्यातच होतं.
कमी झालं की वरून ओतायचे,
बदलत कुणी नव्हतं.
रात्री सोळा पाळणे आणि एक सिस्टर,
कोण कुणाला काय म्हणणार.
ललिता सिस्टरनं बाटल्या उकळल्या,
भिंतीवर कागद लावला, पाणी रोज बदला,
आणि चिकटपट्टी दातानं तोडताना
बराच वेळ भिंतीकडंच तोंड करून उभ्या राहिल्या.

मिरगाच्या आधी फुलवंता आली. एकटीच.
कागद पाहिजे म्हणाली.
'आता काहून पाहिजे, बाई?'
'त्याच्यावर नाव लिहून द्या.
तुमी लोकायनं बेबी ऑफ, बेबी ऑफच लावलं.
आमी नाव ठेवलो होतो त्याचं.
आज्याचं. हिरामण.'

नागपूरच्या तक्त्यात नावाला रकाना नाही.
माझ्या रजिस्टरात, दोनशे सतराच्या बाजूला, समासात,
मी निळ्या पेनानं लिहिलं.
कागदावरही लिहिलं.
तिनं अक्षरावर बोट ठेवून पाहिलं,
शाई वाळली का.

तेवढ्यात लाइन गेली.
मी बर्फ मागायला उठले.